एआय एजंटला मानोऱ्याचा भाव कसा कळतो? सॉफ्टवेअर टूलचं वर्णन नीट लिहिणं का महत्त्वाचं आहे

"मानोऱ्यात आज सोयाबीनला काय भाव चालू आहे?" वाशिम जिल्ह्यातला शेतकरी हा प्रश्न आडत्याला फोनवर विचारतो आणि अर्ध्या मिनिटात उत्तर मिळतं. माल कसा आहे, ओलावा किती, पोती आज आणणार की सोमवारी, हेही आडत्या बोलता बोलता विचारून घेतो. आता हाच प्रश्न मोबाइलमधल्या एआय सहायकाला विचारला तर काय होतं?

सहायक काही बाजारात जात नाही. त्याला दिलेल्या सॉफ्टवेअर टूलपैकी एक तो निवडतो, त्या टूलला मागणी पाठवतो, परत आलेले आकडे वाचतो आणि मराठीत उत्तर लिहितो. कोणतं टूल निवडायचं आणि त्याला नेमकं काय विचारायचं, हे तो टूलसोबत लिहिलेल्या वर्णनावरून ठरवतो. हे वर्णन बऱ्याचदा चार-पाच ओळींचंच असतं. त्या ओळी कुणी घाईत लिहिल्या असतील, तर शेतकरी चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून गाडी भरून निघू शकतो.

महाराष्ट्रात ही गोष्ट आता दूरची राहिलेली नाही. राज्याच्या कृषी विभागाने मे २०२५ मध्ये 'महाविस्तार' हे एआयवर आधारित ॲप आणलं. पीक सल्ला, हवामान, कीड-रोग आणि बाजारभाव यांची माहिती त्यात मराठीत मिळते. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने 'महाॲग्री-एआय धोरण २०२५-२९' मंजूर केलं आणि त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. केंद्राने २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात 'भारत-विस्तार' या बहुभाषिक सेवेची घोषणा केली. सेवा कोणतीही असो, ताजे आकडे बाहेरूनच आणावे लागतात, आणि तिथेच वर्णनाचा प्रश्न येतो.

एजंट म्हणजे काय, टूल म्हणजे काय?

चॅटबॉटच्या मुळाशी असलेलं भाषा मॉडेल आधी वाचलेल्या मजकुरावर तयार होतं. आज सकाळच्या लिलावाचा भाव त्यात असण्याचं कारणच नाही. म्हणून डेव्हलपर त्याच्या हाती टूल देतात. टूल म्हणजे एक ठरावीक काम करणारा प्रोग्राम. बाजार समिती, शेतमाल आणि तारीख सांगितली की तो भाव परत देतो. मॉडेल अशी टूल स्वतः निवडून, एकामागून एक वापरून काम तडीस नेऊ लागलं की त्याला एजंट म्हणतात.

ओपनएआयने जून २०२३ मध्ये 'फंक्शन कॉलिंग' ही सोय दिली, तेव्हापासून ही पद्धत झपाट्याने पसरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' म्हणजे एमसीपी खुला केला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॉडेलना एकाच पद्धतीने टूल जोडता यावीत, हा त्याचा हेतू. भारताच्या सांख्यिकी मंत्रालयानेही २०२६ च्या सुरुवातीला आपल्या ई-सांख्यिकी पोर्टलसाठी एमसीपी सर्व्हर आणला.

एमसीपीमध्ये प्रत्येक टूलच्या तीन गोष्टी मॉडेलपुढे येतात: नाव, वर्णन, आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा आराखडा. टूलच्या आतला कोड मॉडेलला दिसत नाही. माणूस प्रोग्रामर माहितीपत्रकात काही अर्धवट दिसलं तर कोड उघडून बघतो, नाहीतर शेजारच्या टेबलावर विचारतो. एजंट रिकामी जागा अंदाजाने भरतो, आणि तो अंदाज खऱ्या माहितीइतक्याच ठाम सुरात सांगतो. अडचण त्या सुराची आहे.

'बाजारभाव देते' एवढं लिहून का भागत नाही?

समजा, एका टूलचं वर्णन एवढंच आहे: 'बाजारभाव देते. इनपुट: ठिकाण, पीक.' वाचायला ठीक वाटतं. आता वाशिम जिल्ह्यातल्या प्रश्नांवर ते लावून बघू.

पहिली अडचण ठिकाणाची. 'मालेगाव' म्हटल्यावर राज्यातल्या बहुतेकांना नाशिक जिल्ह्यातलं शहर आठवतं, पण वाशिम जिल्ह्यातही मालेगाव नावाचा तालुका आहे. कारंजा दोन आहेत, वाशिमचं कारंजा लाड आणि वर्ध्याचं कारंजा घाडगे. खुद्द मानोऱ्याचं रोमन लिपीतलं स्पेलिंग मुंबईतल्या 'मनोरा' आमदार निवासासारखंच होतं, आणि कराचीच्या बंदराजवळही एक मनोरा आहे. मराठीत काना असल्याने आपला घोटाळा होत नाही, पण मधल्या टप्प्यावर नाव इंग्रजीत गेलं की तो काना गळून पडतो.

जिल्ह्याचं नावही सरळ नाही. आपण 'वाशिम' लिहितो, पण पणन मंडळाच्या भावांच्या यादीत 'वाशीम' असं दीर्घ वेलांटीने येतं, आणि 'वाशीम - अनसींग' ही वेगळी नोंद असते. माणसाच्या डोळ्याला हा फरक जाणवतही नाही. अक्षर अन् अक्षर जुळवणाऱ्या प्रोग्रामसाठी मात्र ही दोन वेगळी गावं आहेत.

यावर उपाय माहीत आहे. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत जिल्हा, तालुका आणि गाव यांना स्वतंत्र क्रमांक दिलेले आहेत. टूलने नावाऐवजी क्रमांक मागावा, आणि नावावरून क्रमांक शोधणारं दुसरं छोटं टूल सोबत द्यावं. वर्णनात एक ओळ टाकावी: 'एकाच नावाची दोन ठिकाणं सापडली तर वापरणाऱ्याला जिल्हा विचारा, स्वतः निवडू नका.' मालेगावचा शेतकरी या एका ओळीने वाचतो.

दुसरी अडचण पिकाच्या नावाची. केंद्राच्या ॲगमार्कनेट यादीत तूर 'अरहर'ने सुरू होणाऱ्या नावाखाली असते, तर हरभरा 'बेंगाल ग्राम' या नावाखाली. विदर्भातला शेतकरी कपाशीला पऱ्हाटी म्हणतो. यादीत नेमकी कोणती नावं चालतात, हे आराखड्यात मोजून द्यावं लागतं, आणि बोलीतलं कोणतं नाव कशाशी जुळतं हेही. नाहीतर एजंट 'तूर' असं पाठवतो, एकही नोंद परत येत नाही, आणि तो शेतकऱ्याला सांगून मोकळा होतो की आज तुरीची आवक झाली नाही.

भाव म्हणजे कोणता भाव?

पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजच्या नोंदीत शेतमालाची जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. म्हणजे एका बाजारात, एका दिवशी, एका पिकाचे तीन भाव. समजा कमीत कमी ३,८००, जास्तीत जास्त ४,६०० आणि सर्वसाधारण ४,३०० रुपये. टूलने तिन्ही आकडे 'दर १, दर २, दर ३' अशा नावांनी परत केले तर एजंटने कोणता सांगायचा? बहुतेक शेतकऱ्यांच्या कामाचा सर्वसाधारण दर असतो. जास्तीत जास्त दर एखाद्या चांगल्या ढिगालाच मिळालेला असू शकतो. एजंटने तोच सांगितला तर उत्तर खोटं म्हणता येणार नाही, तरी फसवणूक व्हायची ती होतेच.

त्यात हमीभाव आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आणि तुरीचा ८,००० रुपये ठरवला. हे सरकारी खरेदीचे दर. बाजारात लिलावात निघणारा भाव वेगळा, बऱ्याचदा कमी. दोन टूल शेजारी शेजारी आहेत, एकाचं नाव 'पीक_भाव', दुसऱ्याचं 'शेतमाल_दर', आणि दोघांच्याही वर्णनात 'पिकाचा भाव देते' एवढंच लिहिलंय, तर एजंट नाणं उडवल्यासारखा निवडेल. टूल काय करतं याबरोबर ते काय करत नाही, हे लिहिणं इथे अपरिहार्य होतं: 'हा लिलावातला भाव आहे. हमीभावासाठी हे टूल वापरू नका.' नावंही 'लिलाव_भाव' आणि 'हमीभाव' अशी ठेवली तर अर्धं काम तिथेच झालं.

परिमाण विसरू नका. धान्य-कडधान्यांचे दर क्विंटलमध्ये असतात, पण कोथिंबिरीसारख्या भाजीची नोंद एका बाजारात क्विंटलमध्ये आणि दुसऱ्यात नगात सापडते. नगाचा भाव क्विंटलचा समजून कुणी तुलना केली तर ती विनोदी ठरेल. सोयाबीनच्या नोंदींत 'पिवळा' असतो, 'लोकल' असतो, आणि भिजून खराब झालेल्या मालासाठी 'डॅमेज' अशीही प्रत दिसते. ऑक्टोबरात परतीच्या पावसाने झोडपल्यावर हा रकाना किती महत्त्वाचा होतो, हे वाशिम जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

तारखेचंही तसंच. केंद्राच्या खुल्या डेटा पोर्टलवर बाजारभावाच्या नोंदीत दिवस आधी आणि महिना नंतर येतो. '०५/११/२०२५' ही आपल्यासाठी ५ नोव्हेंबर. अमेरिकी मजकूर भरपूर वाचलेल्या मॉडेलला ती ११ मे वाटू शकते. आराखड्यात 'दिवस/महिना/वर्ष' एवढं लिहिलं की प्रश्न मिटला.

उत्तर रिकामं आलं तर?

माझ्या मते टूलच्या माहितीत सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारी जागा ही आहे. टूल बरोबर चाललं की काय परत येतं, हे सगळे लिहितात. काहीच सापडलं नाही तर त्याचा अर्थ काय, हे फार थोडे लिहितात.

मानोऱ्याची आजची नोंद नाही, याचे निदान चार अर्थ होतात. बाजाराला सुट्टी असेल. बाजार भरला पण या पिकाची आवक नसेल. आवक झाली पण नोंद अजून चढवलेली नसेल. किंवा एजंटने नावच चुकीचं पाठवलं असेल. शेतकऱ्याने दुपारनंतर पुन्हा विचारावं, की कारंजा-मंगरुळपीरचा भाव बघावा, की उद्यापर्यंत थांबावं, हे या चारपैकी काय झालं त्यावर ठरतं. टूलने चारही वेळा रिकामा कंस परत केला तर एजंटला फरक कळायला मार्गच नाही.

म्हणून चुकीचा निरोपसुद्धा वर्णनाचाच भाग समजून लिहायला हवा. 'अवैध इनपुट' हा निरोप माणसालाही कामाचा नाही, एजंटला तर नाहीच. 'वाशिम या नावाची बाजार समिती यादीत नाही. वाशीम म्हणायचं आहे का? पूर्ण यादीसाठी बाजार_यादी हे टूल वापरा' असा निरोप आला तर एजंट पुढच्या खेपेला स्वतःच चूक सुधारतो.

याच्या उलटही होतं, म्हणजे उत्तर अर्धवट येतं आणि पूर्ण वाटतं. खुल्या डेटा पोर्टलवर सरावासाठी दिलेली नमुना की वापरली तर एका वेळी १० च नोंदी मिळतात. राज्यभरातले सोयाबीनचे भाव मागितले, १० ओळी आल्या, आणि त्यात मानोरा नाही. एजंट म्हणणार, मानोऱ्यात व्यवहार झाला नाही. 'एका वेळी १० नोंदी, एकूण नोंदींची संख्या वेगळ्या रकान्यात, पुढच्या नोंदींसाठी क्रमांक वाढवून मागा' ही ओळ असती तर त्याने पुढचं पान मागितलं असतं.

'पाऊस झाला का?' आणि 'पाऊस येईल का?'

हे दोन प्रश्न ऐकायला जवळचे, पण माहिती दोन ठिकाणांहून येते. झालेला पाऊस महसूल मंडळात बसवलेल्या 'महावेध' प्रकल्पाच्या स्वयंचलित केंद्रांवर मोजला जातो. येणाऱ्या पावसाचा अंदाज हवामान खातं देतं. दोन्ही टूलच्या वर्णनात 'पावसाची माहिती' असं लिहिलं की एजंट कालच्या नोंदीवरून उद्याचं बोलू लागतो.

एक बारकावा आहे. हवामान खात्याच्या पद्धतीत २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. रात्री दहाला कोसळलेला पाऊस दुसऱ्या दिवसाच्या तारखेला दिसतो. राज्यात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते, आणि पंचनाम्यांची मागणी त्याच आकड्यावर उभी राहते. 'दिवस' कुठून कुठपर्यंत, हे न लिहिलेलं टूल अशा वेळी गावकऱ्याला भलत्याच तारखेचा आकडा देऊन बसेल.

मग चांगलं वर्णन कसं दिसतं?

वरचं सगळं धरून लिलावाच्या भावाचं टूल साधारण असं लिहिता येईल:

'लिलाव_भाव: महाराष्ट्रातल्या एका बाजार समितीत एका तारखेला एका शेतमालाचे लिलावातले दर देते. शेतकरी "आज काय भाव" विचारतो तेव्हा हे वापरा. हमीभाव किंवा भविष्यातल्या भावाचा अंदाज यासाठी वापरू नका. बाजार_क्रमांक आधी बाजार_यादी टूलमधून घ्या. तारीख दिवस/महिना/वर्ष अशी द्या. न दिल्यास शेवटची उपलब्ध नोंद मिळते आणि तिची तारीख उत्तरात असते, ती वापरणाऱ्याला सांगा. दर रुपयांत; परिमाण वेगळ्या रकान्यात, क्विंटल किंवा नग. सर्वसाधारण दर मुख्य म्हणून सांगा, कमी-जास्त दर सोबत द्या. नोंद नसेल तर कारण "सुट्टी", "आवक नाही" किंवा "नोंद आलेली नाही" असं येतं. भाव शून्य आहे असं कधीही सांगू नका.'

साधारण नव्वद शब्द. प्रत्यक्षात असे मजकूर बहुधा इंग्रजीत लिहिले जातात आणि त्याला हरकत नाही. तूर, पऱ्हाटी, आडत, आवक हे शब्द मात्र त्यात असायलाच हवेत, कारण प्रश्न त्याच शब्दांत येणार आहे.

याचा अर्थ जेवढं जास्त लिहाल तेवढं चांगलं, असाही नाही. सगळ्या टूलची वर्णनं सहसा प्रत्येक संवादात मॉडेलपुढे ठेवली जातात. पन्नास टूल आणि प्रत्येकाला दोन पानं, अशी भरताड केली तर खर्च वाढतो आणि नेमकी ओळ गर्दीत हरवते. पणन मंडळाचा इतिहास वर्णनात नको. निवड आणि वापर यांना लागतं तेवढंच ठेवावं. एखादी ओळही वागणं बदलू शकते. अँथ्रॉपिकने २०२५ मध्ये सांगितलेला अनुभव असा, की त्यांचं मॉडेल वेब शोधताना शोधशब्दांना कारण नसताना '२०२५' जोडत होतं. टूलचं वर्णन सुधारून त्यांनी ते थांबवलं.

जिथे टूल काही बदलतं

भाव चुकीचा सांगितला तर नुकसान होतं, पण नोंद तरी बदलत नाही. काही टूल नोंदच बदलतात. राज्यात ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू आहे आणि शेतकरी स्वतः ॲपवरून पिकाची नोंद करतो. कल्पना करा, उद्या ही नोंद करण्याचं टूल एखाद्या एजंटच्या हाती दिलं. शेतकरी म्हणतो, 'अडीच एकर सोयाबीन.' सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, म्हणजे हे साधारण १ हेक्टर १ आर. आता '१.१' पाठवायचं की '१.०१'? १०० आर म्हणजे १ हेक्टर, त्यामुळे '१.१' पाठवलं तर ते १ हेक्टर १० आर होतं. हेक्टर आणि आर यांसाठी दोन वेगळे रकाने मागितले की हा घोळ उरतच नाही.

अशा टूलच्या वर्णनात आणखी तीन गोष्टी लागतात: नोंद पाठवण्याआधी शेतकऱ्याला वाचून दाखवा आणि होकार घ्या, नेटवर्क तुटल्यावर पुन्हा पाठवल्यास दुसरी नोंद तयार होते का, आणि झालेली नोंद मागे घेता येते का. एमसीपीमध्ये टूल फक्त वाचतं, की काही मोडू-बदलू शकतं, हे सांगणाऱ्या खुणांची सोय आहे. पण त्या खुणा म्हणजे सूचना आहेत, कुलूप नव्हे. कुलूप सर्व्हरवरच लावावं लागतं. झिरोधाने २०२५ मध्ये काईटसाठी एमसीपी आणला, तेव्हा कंपनी स्वतः चालवत असलेल्या आवृत्तीत खातं बघण्याची सोय दिली आणि ऑर्डर टाकण्याची टूल बाहेर ठेवली. पैशांचा मामला असताना मला हे शहाणपणाचं वाटतं.

धोका उलट दिशेनेही येतो. वर्णन हा मॉडेलसाठी मजकूरच असल्याने त्यात लपवून खोडसाळ आज्ञा घालता येतात. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या सुरक्षा कंपनीने हा प्रकार दाखवून दिला आणि त्याला 'टूल पॉयझनिंग' हे नाव पडलं. अनोळखी ठिकाणचं टूल जोडण्याआधी त्याचं वर्णन स्वतः वाचून घ्यावं.

वर्णन चांगलं झालं हे कसं ओळखायचं?

वाचून नाही ओळखता येत. ज्याने टूल बनवलं त्याला ते नेहमीच स्पष्ट वाटतं. खरे प्रश्न गोळा करावे लागतात, जसेच्या तसे: 'कारंज्यात तूर कशी गेली', 'मालेगावचा हरभरा सांगा', 'पावसाने भिजलेलं सोयाबीन घेतात का, काय दराने'. असे वीस-पंचवीस प्रश्न एजंटला विचारायचे, आणि उत्तराबरोबर त्याने कोणतं टूल निवडलं, काय पाठवलं, काय परत आलं ही नोंद बघायची. तोच प्रश्न तीन-चारदा विचारायचा, कारण मॉडेल दर वेळी सारखंच वागेल असं नाही. चूक सापडली की वर्णनातली ओळ बदलायची आणि सगळे प्रश्न पुन्हा चालवायचे. टूलमध्ये नवा रकाना आला किंवा यादीतलं एखादं नाव बदललं, तरी हेच करायचं.

हे प्रश्न पुण्या-बंगळुरूच्या कार्यालयात बसून सुचत नाहीत. लिलावाची नोंद करणारा बाजार समितीतला कर्मचारी, सहायक कृषी अधिकारी, सेतू केंद्रात रांग बघणारा चालक, यांना ते पाठ असतात. 'डॅमेज' रकान्यात नक्की कोणता माल जातो, सोमवारची नोंद किती वाजता चढते, मानोऱ्याचा माल दिग्रसला कधी वळतो, हे कुठल्याच आराखड्यात लिहिलेलं नसतं. वर्णन लिहिणाऱ्या डेव्हलपरने ते त्यांच्याकडून विचारून घ्यायचं आणि वर्णनात उतरवायचं.